सापडलेबाईंची वही

"वर्णन सांगा," खिडकीतून धाकटी सापडलेबाईंना म्हणाली.

हेच दोन शब्द त्यांनी स्वतः सव्वीस वर्षं याच खिडकीतून लोकांना ऐकवले होते. बस डेपोच्या हरवले-सापडले विभागात त्या बसायच्या, म्हणून सगळा डेपो त्यांना सापडलेबाई म्हणायचा. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. धाकटी म्हणजे विभागातली दुसरी कारकून. चाळिशीला टेकली होती, दोन मुलांची आई होती, पण बाईंच्या नंतर लागली म्हणून कायमची धाकटी. आज बाईंची साप्ताहिक सुट्टी होती, आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत, त्या आयुष्यात पहिल्यांदाच उभ्या होत्या. त्यांच्या मागे एक म्हातारेबुवा आणि त्यांचा दंड धरून आलेली सून होती.

मागच्या दाराने सरळ आत जाता आलं असतं. पण फार वर्षांपूर्वी एक कारकून 'माझंच आहे' म्हणत कुणाचं तरी घड्याळ मनगटावर चढवून घरी गेला होता. तेव्हापासून बाईंनीच नियम केला होता की कर्मचाऱ्याचं काही हरवलं तर त्यानेही रांगेत यायचं आणि खुणा पटवायच्या. आपण घातलेल्या कुंपणात आपलाच पदर अडकला होता.

वही हरवली होती ती काल संध्याकाळी, सात नंबरच्या बसमध्ये. उतरायच्या वेळी समोरच्या सीटला अडकवलेली कुणाची तरी काळी छत्री त्यांना दिसली. आता अशी छत्री दिसल्यावर त्या गप्प बसतील होय? त्यांनी ती उचलली, कंडक्टरच्या हातात दिली, चिठ्ठी बांध नाहीतर उद्या सापडलेल्या सामानाच्या गोणीत पुन्हा हरवेल म्हणून त्याला दम भरला आणि मोठ्या रुबाबात खाली उतरल्या. वही असलेली स्वतःची कापडी पिशवी सीटवर तशीच राहिली. परक्याची छत्री वाचवली आणि आपली वही घालवली. विसरभोळी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण इतकी कर्तव्यदक्ष चूक बाईंच्याच हातून व्हायची होती.

घरी आल्यावर त्यांनी चार वेळा पिशवी शोधली, त्यातल्या दोन वेळा पलंगाखाली. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेला, शांत डोक्याचा माणूस. तो म्हणाला, "अगं, वहीच ना? दुसरी आणू. त्यात काय जीव अडकलाय तुझा?"  जीवच अडकला होता, पण ते सांगायचं कसं?

दोन वर्षांपूर्वी एकदा त्या याच डेपोच्या दारात उभ्या होत्या आणि आपली बस कोणत्या नंबरची ते त्यांना आठवेना. मिनिटभरच. मग आठवलं, त्या घरी गेल्या, स्वयंपाक केला, आणि रात्रभर जाग्या राहिल्या. त्यांची आई अशीच गेली होती. आधी मीठ विसरली, मग रस्ते, आणि शेवटी एक दिवस पोटच्या पोरीला पाहुणी समजून "बसा ना" म्हणत तिने खुर्ची पुढे केली होती. ती खुर्ची बाई कधी विसरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या पानांची जाड वही आणली. चित्रं काढायचा हात त्यांना नोकरीनेच दिला होता. 'काळी बॅग' एवढं लिहून काही कळत नाही, म्हणून रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूसमोर त्या छोटं चित्र काढायच्या. अशा हजारो छत्र्या, डबे, चष्मे त्यांनी काढले होते. आता त्या आपलं घर काढू लागल्या. दोन-चार दिवसांतून एक पान. गॅलरीतली मोडकी बादली, जिच्यात रोप लावलं होतं. किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक किल्लीपुढे तिचं कुलूप. नखं कापताना जीभ बाहेर काढणारा नवरा. मग माणसांचे चेहरे, आणि खाली दोन ओळी. धाकटीच्या चेहऱ्याखाली लिहिलं होतं, 'ही माझ्या शेजारी बसते. माझी पेन्सिल रोज पळवते. चांगली आहे. घाबरू नकोस.'

वहीवर त्यांनी नाव घातलं नव्हतं. नाव दिसलं की माणूस पुढचंही वाचतो, हा त्यांचा अनुभव. पण बिनानावाची वस्तू उघडून बघायची, त्याशिवाय मालक कसा पटवणार, हेही त्यांनीच धाकटीला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. सकाळची वाट पाहताना काल रात्री त्यांना तेवढंच राहून राहून आठवत होतं. निवृत्तीला अकरा महिने होते. विसरायला होतंय हे डेपोत कळलं तर कुणी काढून टाकणार नव्हतं. पण लोक हळू बोलायला लागले असते, एकेक शब्द सुटा करून, आईशी बोलायचे तसे. आई त्या बोलण्यानेच निम्मी खचली, असं बाईंचं ठाम मत होतं.

गोणी नऊला येते, म्हणून त्या साडेआठलाच हजर झाल्या. गोणी नेमकी आज आठला आली होती. खिडकीतून त्यांना टेबलावर आपली पिशवी आणि तिच्यातून बाहेर काढलेली वही दिसली. तिला त्या रबर दुहेरी घालायच्या. आता ते एकेरी होतं.

धाकटीने मान वर करून पाहिलं, पण ती 'आत या' म्हणाली नाही. नियम तिला पाठ होता. तिने रजिस्टर पुढे ओढलं.

"हिरव्या कव्हरची वही," बाई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "वरच्या कोपऱ्यात कपाचा गोल डाग आहे."

"ही एक खूण झाली. आतली सांगा."

"पहिल्या पानावर आमच्या स्वयंपाकघरातला नळ आहे. गळतो, म्हणून त्याला फडकं बांधलंय. ठिपक्यांचं."

धाकटीने पान उघडून पाहिलं, मान हलवली आणि लिहून घेतलं. मग सवयीने ती पुढचं बोलून गेली. "तिसरी. शेवटच्या पानावर काय आहे?"

हा प्रश्नही बाईंचाच. वस्तू ज्याची असते त्याला आपण शेवटी काय केलं ते आठवतंच, असं त्या म्हणायच्या. प्रश्न विचारल्याबरोबर धाकटीने ओठ चावला. पण तीर सुटला होता.

बाईंनी डोळे मिटले. बादली आली, जुडगा आला, गेल्या वर्षीचा तुटका पोळपाटसुद्धा आला. काल त्या जेवणाच्या सुट्टीत पेन्सिल घेऊन बसल्या होत्या, एवढं पक्कं होतं. पुढ्यात काय होतं? पान कोरंच दिसत होतं. मागे म्हातारेबुवांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सुनेने उसासा टाकला. बाईंनी खिडकीची कड घट्ट धरली.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आजवर नवऱ्याला, डॉक्टरला, कुणालाच ऐकवलं नव्हतं.

 धाकटीने वही मिटली आणि रबर चढवलं, दुहेरी.

"घाबरू नका," ती म्हणाली.

नेहमीच्याच वेगात म्हणाली. हळू नाही, सुटंसुटं नाही. तिने सगळं वाचलं होतं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग एवढं हलकं वाटलं की त्याचीच त्यांना भीती वाटली.

"तिसरी खूण मी भरते," धाकटी म्हणाली, आणि लिहिता लिहिता तिने मोठ्याने वाचलं, "मालकीण ओळखीची आहे. करा सही."

बाईंनी सही केली, पिशवी छातीशी धरली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या.  त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. नवऱ्याचे दोन पाय होते, एकात निळा मोजा, एकात तपकिरी. काल सकाळी त्या मोज्यांवरून दोघं पोट धरून हसले होते, ते लख्ख आठवलं. ते चित्र काढलेलं मात्र पाहूनही आठवेना. 

मग त्यांना दिसलं की मागच्या बाजूने काहीतरी उमटलंय. पान उलटलं, तर तिथे पेनाने काढलेली एक छत्री होती. छत्री कसली, उपडी पडलेली कढईच ती. खाली धाकटीचं अक्षर होतं. 'काल तुम्ही सात नंबरमध्ये ही छत्री वाचवली. कंडक्टरने चिठ्ठीत तुमचं नाव लिहिलंय. त्या गडबडीत वही राहिली. एवढंच झालं.'

सापडलेल्या वस्तूवर रेघसुद्धा ओढायची नाही, हा या विभागाचा पहिला नियम. धाकटीला त्यावरून पूर्वी दोनदा बोलणी खावी लागली होती.

खिडकीशी म्हातारेबुवा सांगत होते, "काळी छत्री. बांबूची मूठ. एक काडी वाकलेली आहे, उजवीकडची. माझ्या हातूनच वाकली." धाकटीने आणखी काही न विचारता छत्री त्यांच्या हातात दिली. सुनेने धरलेला दंड सोडवून ते छत्रीच टेकत दाराकडे निघाले.

बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली. धाकटीने सहाच काड्या काढल्या होत्या. चार वर्षं रोज छत्र्या हाताळते, आणि काड्या आठ असतात हे हिला माहीत नाही. बाईंनी दोन काड्या वाढवल्या, आणि उजवीकडची एक जरा वाकवली.