चार बोटं उंच

मी एक काठी बोलतेय. बोलतेय मी, पण लिहितोय या घरातला धाकटा मुलगा, आणि त्याची शाळा अर्ध्यावरच सुटली. त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्द साधेसुधे वाटतील, तर पोटात घाला. तो तसा बुजरा आहे. चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. माझ्याशी त्याचं जमतं ते बहुधा त्यामुळेच.

मला घडवलं ते काठ्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने. चिवट लाकूड निवडून, तासून, घासून त्याने माझं अंग गुळगुळीत केलं. वर आडवी मूठ बसवली, तळव्यात भरेल अशी. पण मला लांबीला मात्र कापलं नाही. जिच्यासाठी मी होते, ती समोर उभी राहीपर्यंत त्याने करवत हातात घेतली नाही.

ती म्हणजे माझ्या मालकीणबाई. उंच, सडपातळ, आणि डावा खुबा कामातून गेलेला. सोबत त्यांचे यजमान होते. ते शिंपी. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणे, आणि मालकीणबाईसुद्धा मास्तरच म्हणत. मास्तर त्यांच्या खांद्याला जेमतेम लागत.

"रोजच्या चपला घाला," कारागीर म्हणाला. "आता सरळ उभ्या राहा. हात सैल सोडा." मनगटावर जिथे घडी पडते, तिथे त्याने बोट ठेवलं. "मूठ इथे यायला हवी. मग धरल्यावर कोपर जरासं वाकतं आणि अंगाचा भार हातावर घेता येतो. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो, भार घेताच येत नाही. ठेंगणी झाली तर माणूस कमरेत वाकतं."

"आणि धरू कुठल्या हातात?"

"दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. दुखरा पाय आणि काठी, दोघांनी बरोबर पुढे जायचं."

मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करत होते. म्हणाले, "म्हणजे तुमचाही मापाचाच धंदा."

"हो, पण तुमचं माप चुकलं तर कपडा उसवता येतो," कारागीर करवत उचलत म्हणाला. "माझं चुकलं तर माणूस पडतं."

त्याने मला कापलं, तळाशी जाड रबराचा बूट बसवला, आणि मी या घरी आले. पुढच्या खोलीत दुकान, मागे राहायच्या खोल्या. मधल्या बोळाच्या भिंतीवर हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा उमटलेला होता. मी यायच्या आधी मालकीणबाई त्या भिंतीला धरून चालत. बाहेर जाणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. मी आल्यावर भिंत सुटली. आधी दुकानापर्यंत, मग दारापर्यंत, मग रस्त्याच्या टोकाच्या बाकापर्यंत आम्ही जाऊ लागलो. परतल्यावर एकदा त्या म्हणाल्या, "मास्तर, आज मी रस्ता ओलांडला." मास्तरांनी मशीन थांबवलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुढची टीप मारायला घेतली.

दुपारी त्या दुकानातल्या बाकावर येऊन बसत. बोळातून माझी टप्प, टप्प ऐकू आली की मास्तर बाकावरचे कपड्यांचे गठ्ठे उचलून जागा करत. मान वर न करता. हात आपोआप जायचे.

"माझं पहिलं पोलकं शिवायला मी इथेच आले होते," त्या कधी गिऱ्हाइकाला सांगत. "खांद्याचं माप घ्यायला हे स्टुलावर चढले."

"चढलो म्हणून तर तुला नीट बघता आलं," मास्तर तोंडातली टाचणी सांभाळत म्हणत.

मास्तरांची एक रीत होती. कपडा लहान करायला आला की कातरून निघालेला तुकडा ते कधी टाकत नसत. मग तो बोटभर का असेना. नीट घडी घालून त्याच कपड्याच्या खिशात ठेवत. "कापड त्यांचं. आपण फक्त कात्री चालवली," असं म्हणत.

एकदा एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन आली. नवरा नुकताच गेलेला. कोट मुलाच्या मापाचा करायचा होता. टेबलावर ठेवला तर खरा, पण तिचा हात काही त्यावरून निघेना.

"राहू द्या का मास्तर? कापला की तो त्यांचा राहणार नाही."

मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, कपाटात ठेवलात तर कसरीचा होईल. पोराच्या अंगात राहू दे."

कोट झाला. बाह्यांचे, घेराचे तुकडे खिशात गेले. नेताना तिने खिशावर हात दाबून धरला होता. धाकटा तेव्हा शेजारी काजं करत बसला होता. त्याने हे सगळं पाहिलं, आणि मी बाकाला टेकून उभी होते, मीही पाहिलं.

मग मालकीणबाई आजारी पडल्या. आधी रस्त्याच्या टोकाचं बाक सुटलं, मग दुकानातलं. शेवटी मी नुसती पलंगाच्या उशाशी उभी असे. कधी त्या झोपेत हात लांबवून मूठ आहे ना ते चाचपत. एका सकाळी तो हात आलाच नाही.

घरात रडारड झाली, माणसं आली-गेली. मी कोपऱ्यात. मला वाटलं, आता मी कपाटामागे जाणार. पण थोड्या दिवसांनी मास्तरांनी मला उचललं. त्यांचा गुडघा खूप दिवसांपासून कुरकुरत होता, ते कुणाला सांगत नव्हते इतकंच. त्यांनी मूठ धरली, आणि मला कळलं की हे काही बरोबर नाही. मी त्यांना चार बोटं उंच होते. त्यांचं कोपर फार वाकायचं, खांदा वर उचलला जायचा. ते माझ्यावर भार टाकतच नव्हते. मी फक्त त्यांच्याबरोबर चालत होते.

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या अंगाचं माप घेतलं, त्याला हे कळत नव्हतं असं नाही.

त्यातून दुसरं झालं. बोळातून येताना माझी टप्प, टप्प व्हायची, आणि दुकानात पाऊल टाकलं की मास्तरांची नजर बाकाकडे जायची. हात गठ्ठ्यांकडे जायचे. मग त्यांच्या लक्षात यायचं की आवाज आपल्याच हातातून येतोय. असं बरेचदा झाल्यावर एका दुपारी त्यांनी जाड लोकरी कापड घेतलं, दोन पदर केले आणि माझ्या रबरी बुटावर चढेल असं टोपडं शिवलं. इतकं सुबक, की टीप शोधून सापडू नये. ते घातल्यावर माझा आवाज बंद झाला.

शिंप्याशिवाय कुणाला हे सुचलं नसतं. रबर फरशीला धरून ठेवतं, लोकर सरकते. मला सांगता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

फरशी नुकतीच पुसलेली होती. मास्तर मोरीकडून येत होते. मी सटकले आणि ते डाव्या हातावर पडले. हाताचं हाड मोडलं. डाव्या हाताने कापड धरायचं आणि उजव्याने कापायचं, हेच त्यांचं जन्मभराचं काम. प्लास्टर निघालं तरी बोटांत पूर्वीची पकड आली नाही. डॉक्टर म्हणाले, "आता दुसऱ्यांदा पडून चालणार नाही. चाला, पण मापाची काठी घेऊन."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिले. मशीनवर चादर पडली.

त्यांची मुलगी, घरातली ताई, सासरहून आली. येताना चकचकीत नवी काठी घेऊन आली.

"आप्पा, हे बघा. बटण दाबलं की उंची कमी-जास्त होते."

"छान आहे. दुकानात ठेव. सगळ्या गिऱ्हाइकांना होईल."

दुसऱ्या दिवशी ती नवी काठी दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली दिसली. तिच्यावर मास्तरांनी धाकट्याला सांगून हँगर अडकवून घेतले होते. ताईने कपाळाला हात लावला.

"मग आईच्या काठीची उंची तरी कमी करून घ्या! करवतीचे चार हात मारले की काम होतं."

"तिला करवत लावायची नाही."

"का पण?"

"नाही म्हटलं ना."

असं रोज चालायचं. शेवटी ताईने त्यांची बॅग भरली. "माझ्याकडे चला. खुर्चीत बसायचं, हातात सगळं देईन. इथे हा दिवसभर कामात, तुम्ही पुन्हा पडलात तर?" दुकान बंद करायचं ठरल्यासारखंच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. खुर्चीत बसलेलं माणूस मग खुर्चीतून उठत नाही, हे धाकट्याला कळत होतं. तो बॅगेकडे बघत उंबऱ्यात उभा होता.

आदल्या संध्याकाळी ताईने पुन्हा विषय काढला, तेव्हा मास्तरांनी मला जवळ ओढलं आणि मुठीवर हात ठेवला.

"तुम्हाला वाटतं म्हातारा हट्टाला पेटलाय. अगं, ही मूठ तुझ्या आईच्या मनगटाच्या उंचीची आहे. तिच्या शेजारून चालताना मी मनगटच धरायचो तिचं. हात थोडा वर करूनच धरावं लागायचं. लोक हसायचे. हिच्यावर हात ठेवला की तो तिथेच जातो, त्याच उंचीवर." त्यांनी मूठ घट्ट धरली. "ही कापली की माझा हात खाली येईल. मग मी काय धरू?"

ताई पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

धाकटा खाली बसला. त्याने बराच वेळ माझ्या टोकाचं टोपडं न्याहाळलं. मग मान खाली घालूनच म्हणाला, "आप्पा, तो कोट तुम्ही कापलात."

"कुठला कोट?"

"त्या बाई आल्या होत्या. नवऱ्याचा कोट घेऊन. त्या नको म्हणत होत्या. तुम्ही म्हणालात, कपाटात ठेवला तर कसरीचा होईल, पोराच्या अंगात राहू दे."

मास्तर त्याच्याकडे वळले. इतकी वाक्यं तो एका दमात कधी बोलला नव्हता.

"तो कोट होता रे," ते म्हणाले.

"हो," धाकटा म्हणाला. "त्या बाईंना तरी नुसता कोटच हवा होता का?"

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. दुकान बंद असलं तरी खिशात खडू असायचाच. तो त्यांनी काढला, बोटांत फिरवला आणि धाकट्यापुढे धरला.

"सकाळी कर. चपला घालून माप घे."

पुढचं सांगण्याआधी माझी एक विनंती ऐका. घरात कुणाची मागे राहिलेली काठी असेल, तर ती तशीच उचलून चालायला लागू नका. एकदा चपला घालून, हात सैल सोडून उभं राहा आणि मूठ मनगटाच्या घडीशी येते का बघा. खालचं रबर झिजलंय का तेही बघा, आणि त्याच्यावर काही चढवू नका, कितीही प्रेमाने शिवलेलं असलं तरी. गेलेल्या माणसाच्या मापाने चालणं फार अवघड असतं. मी ते हातात राहून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत धाकट्याने मास्तरांच्या पायांत चपला सरकवल्या आणि त्यांना दाराच्या चौकटीला धरून उभं केलं. त्यांचा हात सैल सुटल्यावर मनगटाच्या घडीशी टेप धरला. माझ्या अंगावर खडूची रेघ ओढली. टेबलावर मला आडवं ठेवून त्याने करवत चालवली, सावकाश, हलक्या हाताने, जशी मास्तर रेशमावर कात्री चालवत. ताई दारात उभी होती. कापलेलं टोक त्याने घासून गुळगुळीत केलं आणि त्यावर नवा रबरी बूट बसवला. लोकरीचं टोपडं घडी घालून मशीनच्या खणात ठेवलं.

खाली चार बोटांचा तुकडा पडला होता. त्याने तो उचलला, फुंकर मारून भुसा उडवला आणि मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

मास्तरांनी खिशावर हात दाबला. मग धाकट्याने मला पुढे केलं. त्यांचा हात आला तो आधी जुन्याच उंचीवर. तिथे काहीच नव्हतं. क्षणभर तो हवेत तसाच थांबला. मग चार बोटं खाली आला आणि त्यांनी मला धरलं. त्यांचा खांदा खाली आला, कोपर सैल झालं, आणि पहिल्यांदाच त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. मला तो जड वाटला नाही.

टप्प. टप्प. ताई भरलेली बॅग रिकामी करू लागली, आणि आम्ही बोळातून दुकानात आलो. मास्तरांची नजर बाकाकडे गेली. धाकटा आमच्या पुढे गेला, बाकावरचे गठ्ठे उचलून त्याने जागा केली, आणि मशीनवरची चादर काढली.