फुकटच्या नेटवर व्हिएतनाम

खत-औषधाच्या एका कंपनीने गजेंद्रला व्हिएतनामला नेलं. यात गजेंद्रचं कर्तृत्व एवढंच, की बीबी गावातल्या त्याच्या कृषी सेवा केंद्रात डीएपी खताचं पोतं मागायला आलेल्या एकाही शेतकऱ्याला त्याने त्या कंपनीच्या पिकांच्या टॉनिकची बाटली गळ्यात मारल्याशिवाय परत पाठवलं नाही. बाटली नको म्हणणाऱ्यासाठी पोती संपलेली असायची. हंगाम सरला, बाटल्या लोकांच्या गोठ्यांत धूळ खात पडल्या आणि गजेंद्रच्या हाती विमानाचं तिकीट आलं. गावात मात्र तो अभ्यास दौऱ्याला चाललो असं सांगत फिरला. भाताची शेती पाहायला, म्हणे. बीबीच्या शिवारात भात पेरतो कोण, असं त्याला कोणी विचारलं नाही, कारण पुढच्या हंगामाचं पोतंही त्याच्याकडूनच घ्यायचं होतं.

पूनम ही त्याची बायको. गजेंद्र गावाबाहेर गेला की शटर वर करण्यापासून संध्याकाळचा हिशेब मिटवण्यापर्यंत सगळं तीच करायची, आणि या सगळ्याला गजेंद्र 'बसणं' म्हणायचा. पूनम दुकानात बसते. तो स्वतः त्याच खुर्चीवर टेकला की तो मात्र धंदा सांभाळत असायचा. हे ऐकून ऐकून पूनमने ते मनावर घेणं सोडलं असेल असं लोकांना वाटे. तिने काही सोडलं नव्हतं.

दौरा ठरला तेव्हा फोनचा विषय काढला काजलने. ही त्यांची एकुलती एक मुलगी, बारावी झालेली, कृषीच्या पदवीचा फॉर्म भरून यादीची वाट पाहणारी. तिने दोन संध्याकाळी खपून सगळं शोधून ठेवलं होतं. तिकडच्या विमानतळावर पासपोर्ट दाखवला की तिथलं सिमकार्ड मिळतं, ते सगळ्यात स्वस्त. नाही तर इथूनच ई-सिम घ्यायचं, त्यात कार्ड घालायचं-काढायचं कामच नाही, एक कोड स्कॅन केला की झालं, आणि पप्पांच्या एवढ्या महागाच्या फोनला ते चालतं. आपल्याच नंबरचा रोमिंग पॅक त्याहून महाग, पण सोपा. आणि यातलं काहीच नको असेल तर सिम घरी ठेवून जा, जुन्या बटनाच्या मोबाईलमध्ये घालून. दुकानाचे फोन आम्ही घेऊ, मेसेज आले तर कळवू, तुम्ही हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅपवर बोला. याला तर एक रुपया लागत नाही.

गजेंद्रने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. मुलीच्या हुशारीला तो असाच हसायचा.

"शेखर घेऊन राह्यला ना कार्ड," तो म्हणाला. "त्याच्या हॉटस्पॉटवर आठ-दहा जण आरामात चालतात. मी काऊन पैसे घालू?"

शेखर म्हणजे सुलतानपूरचा दुकानदार, याच दौऱ्यावर निघालेला. भिडस्त माणूस. त्याला नाही म्हणता येत नाही, हे जिल्ह्यातल्या सगळ्या दुकानदारांना ठाऊक होतं.

सिम घरी ठेवायचं म्हटल्यावर तर गजेंद्रचा चेहराच उतरला. त्यावर बँकेचे मेसेज येतात. कोणाचे पैसे आले, कोणाला गेले, ते घरात बायकांनी वाचायचं? वीस वर्षं गल्ल्याला हात लावणारी बाई बँकेचा मेसेज वाचायच्या लायकीची नव्हती. सिम त्याने फोनमध्येच ठेवलं आणि विमानात बसताना ते सेटिंगमधून बंद करणार, असं सगळ्यांदेखत जाहीर केलं. परदेशात ते चुकून चालू राहिलं म्हणून मेहकरच्या कोण्या माणसाला किती बिल आलं, ते त्याने तेव्हा सांगितलं. हा किस्सा तो दौऱ्याआधी जो भेटेल त्याला सांगत होता आणि दर वेळी त्या बिचाऱ्याचं बिल वाढत होतं.

दौऱ्यावरून व्हिडिओ कॉल यायला लागले. पूनमने पहिला कॉल उचलला तेव्हा पडद्यावर गजेंद्रच्या आधी शेखर दिसला, कारण शेखरपासून चार पावलं लांब गेलं की आवाज तुटायचा. शेखरच्या भोवती बुलढाणा जिल्ह्यातले सगळे नामवंत दुकानदार दाटीवाटीने उभे, प्रत्येकाचा फोन तोंडासमोर, प्रत्येकजण आपापल्या घरी समुद्र दाखवतोय. शेखर फोटो काढायला कडेला गेला की घोळका कडेला. शेखरला तहान लागली की सगळ्यांना पाण्याच्या दुकानाकडे जावं लागे. एकदा गजेंद्र रंगात येऊन बोटीचं वर्णन करत असताना कॉल मध्येच बंद पडला आणि बऱ्याच वेळाने पुन्हा आला. पूनमने विचारलं काय झालं, तर शेखर संडासला गेला होता. हे सांगताना गजेंद्रला जराही लाज वाटली नाही, उलट शेखरने जाण्याआधी सांगायला पाहिजे होतं असं त्याचं म्हणणं होतं. लोकांच्या बाटल्यांवर परदेशात गेलेला माणूस तिथे दुसऱ्याच्या नेटवर बोलत होता आणि वर, आपण एक पैसा खर्च न करता परत येणार, अशी पैजही त्याने घोळक्यात लावली होती.

आणि मग बाजाराच्या दिवशी सकाळी यादी लागली. काजलला अकोल्याला जागा मिळाली होती. सरकारी कॉलेज, हवी तीच पदवी. पोरगी दुकानात धावत आली आणि पूनमने गिऱ्हाइकांसमोरच तिला पोटाशी धरलं. आता संकेतस्थळावर जाऊन जागा घेतली असं कळवायचं होतं, त्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत. नाही कळवलं तर जागा पुढच्याला.

कळवण्यासाठी ओटीपी लागणार होता, आणि तो जाणार होता गजेंद्रच्या नंबरवर. काजलच्या प्रत्येक फॉर्मवर, पहिलीपासून, गजेंद्रने आपलाच नंबर घालायला लावला होता. पालक मी आहे, म्हणायचा.

काजलने त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करून कळवलं. सुदैवाने घोळका तेव्हा शेखरच्या जवळच होता. गजेंद्रने अभिनंदन केलं आणि म्हणाला, पाठव ओटीपी, मी नेटवर आहेच. काजलने बटन दाबलं. काही आलं नाही. गजेंद्र शेखरला आणखी खेटून उभा राहिला. पुन्हा दाबलं. नाही आलं. तो शेखरला म्हणाला, तुझं नेट हळू आहे.

काजलने मग शांतपणे समजावलं, की ओटीपी साध्या मेसेजने येतो, तो हॉटस्पॉटवरून येत नाही. त्यासाठी तुमचं सिम तिकडे चालू झालं पाहिजे. तिने राखीच्या ओवाळणीच्या पैशांतून त्याच्या नंबरवर सगळ्यात लहान रोमिंग पॅक इथूनच टाकला होता. त्याने फक्त सेटिंगमध्ये जाऊन सिमचं बटन सरकवायचं होतं.

"मंग बिल आलं का कोण भरीन?" गजेंद्र म्हणाला.

"पैसे भरले मी, पप्पा. बिल येत नाही आता."

"तू लहान आहेस. कंपनीवाले अशेच फसवतात. उद्या हॉटेलच्या माणसाले इचारून पाह्यतो."

"आज पाचपर्यंतच आहे."

"सरकारी काम आहे. तारीख वाढते."

पडद्याच्या कडेला शेखरचा चेहरा दिसत होता. तो हात पुढे करून म्हणाला, "द्या इकडे, गजूभाऊ, मी करून देतो." गजेंद्रने फोन छातीशी धरला. पडदा काळा झाला आणि त्या काळ्यातून त्याचा आवाज आला, की माह्या फोनले हात नको लावू. मागे कोणीतरी पैजेवरून हसलं. पूनमने ते हसणं ऐकलं. पोरीची चार वर्षं तिकडे समुद्राकाठी दहा माणसांच्या चेष्टेत चालली होती, आणि तिच्या बापाला पैज जिंकायची होती.

तिने कॉल बंद केला. गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, शटर खाली ओढलं. काजलने कागदांची पिशवी घेतली, पूनमने स्कूटी काढली. सुलतानपूर मागे टाकून दोघी मेहकरच्या रस्त्याला लागल्या. पूनमला राग येत होता, आणि खरं सांगायचं तर तो एकट्या गजेंद्रचा नव्हता. पहिलीच्या फॉर्मवर त्याने नंबर लिहिला तेव्हा आपण चहा टाकायला आत गेलो होतो, याचाही होता.

मेहकरच्या एका कॉलेजात प्रवेशाचं मदत केंद्र होतं. तिथल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, वडील कुठे आहेत. व्हिएतनामला, पूनम म्हणाली. कारकुनाने तिच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग त्याने नियम सांगितला. संकेतस्थळावरून नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जातो. पण मूळ कागद असतील आणि आईवडिलांपैकी एक आधार कार्ड घेऊन समोर उभा असेल, तर तो इथून बदलून देऊ शकतो. तेही आजच, कारण उद्यापासून केंद्र बंद.

त्याने पूनमला तिचा नंबर विचारला. तिला तो सांगता येईना. आपला नंबर तिला कधी कुठे लिहावा लागलाच नव्हता. काजलने सांगितला. पालक म्हणून पूनमने सही केली, आणि थोड्याच वेळात तिच्या काच तडकलेल्या फोनवर मेसेज वाजला. तिने आकडे मोठ्याने वाचले, काजलने ते भरले, आणि पडद्यावर प्रवेश निश्चित झाल्याचं आलं. पाच वाजायला अवकाश होता. काजल रडायला लागली. पूनमला आनंद झाला होता, खूप झाला होता, पण त्यातही चीड होतीच, की एवढंसंच होतं हे. ज्या मेसेजांसाठी तिला वीस वर्षं दूर ठेवलं होतं, ते एवढेसेच असतात.

बाहेर येऊन तिने शेखरला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केला, काजलची जागा पक्की झाली म्हणून. गजेंद्रला केला नाही.

संध्याकाळी त्या दुकान उघडत होत्या तेव्हा व्हिडिओ कॉल आला. शेखरने सगळ्यांना सांगितलं असावं, कारण गजेंद्रच्या मागे घोळका अभिनंदन करत होता आणि तो ते घेत होता. पोरीला कृषीला घालायचं आपणच ठरवलं, हे तो कोणाला तरी सांगत होता. मग त्याने फोन तोंडासमोर धरला.

"मले काऊन नाही सांगितलं? शेखरच्या तोंडून ऐकावं लागलं मले."

"तुमचा फोन बंद होता," पूनम म्हणाली. "ज्याचा चालू होता त्याले सांगितलं."

गजेंद्रने विषय बदलला. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं का, असं त्याने विचारलं. पूनम हो म्हणाली. मग जागा पक्की झाली कशी, असंही त्याने विचारलं, तेव्हा काजलने सांगितलं, की पालकाच्या जागी आता आईचा नंबर आहे आणि कॉलेजचं सगळं, फी, निकाल, जे काय असेल ते, चारही वर्षं त्यावरच येईल.

शेखर मुद्दाम न हलता उभा होता, कॉल तुटू नये म्हणून.

"ठीक आहे," गजेंद्र म्हणाला. "मी आलो का बदलून टाकतो तो नंबर."

"बदलाले ओटीपी लागते," पूनम म्हणाली. "तो माह्या फोनवर येईन. आन् त्याच्यात लिहेल असते, कोणालेच सांगू नका म्हणून."