आठ प्रोसेसर, चाळीस गठ्ठे

बुधवारी सकाळी धाकट्या दिराने एक जुना सर्व्हर हातगाडीवर घालून शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात आणून टाकला. त्याच्या ऑफिसात नवी यंत्रं आली होती आणि हे धूड भंगारात निघालं होतं. दोघांनी उचललं तरी कंबरेचा काटा ढिला होईल एवढं वजन, आणि आत एक नाही, दोन नाही, आठ प्रोसेसर. दुकान त्याच्या वहिनीचं. आख्खा रस्ता त्यांना मिस्तरीणबाई म्हणायचा. त्यांनी टेबलावरची दोन उघडी मशीनं बाजूला सारली, भिंतीकडची जागा पुसली आणि घरी फोन करून सासऱ्यांना बोलावून घेतलं. सर्व्हर त्यांच्यासाठीच होता.

सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांच्या जमिनींच्या हद्दी शोधण्यात गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुठेतरी वाचलं, की एका वेधशाळेला हरवलेला लघुग्रह शोधायचाय आणि त्यासाठी घरोघरच्या कॉम्प्युटरांची मदत हवीय. चाळीस वर्षांपूर्वी तो फक्त अकरा रात्री दिसला होता. एवढ्या तुटपुंज्या माहितीवरून तो पुढे कुठल्या वाटेने गेला असेल, याचे लाखो अंदाज निघत होते. वेधशाळा त्या वाटांचे गठ्ठे करून जगभर पाठवायची. आपला कॉम्प्युटर एकेक वाट चाळीस वर्षं चालून बघायचा आणि नंतरच्या फोटोंतल्या अनोळखी ठिपक्यांशी जुळते का ते कळवायचा. सासऱ्यांना पहिल्याच दिवशी वाटलं, ही तर मोजणीच. फक्त दगड जागचा हलतोय.

त्यांच्या घरच्या जुनाट कॉम्प्युटरला एका गठ्ठ्याला तीन दिवस लागायचे. आणि आता वेधशाळेत हे काम बघणाऱ्या बाईंचं पत्र आलं होतं: सोमवारपासून मोठी दुर्बीण चार रात्रींसाठी मिळणार आहे, तेव्हा उरलेले गठ्ठे शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत हवेत. सासऱ्यांच्या वाट्याला चाळीस गठ्ठे होते. त्यांनी ते परत करायचं पत्र लिहूनही ठेवलं होतं. पाठवायला मात्र हात धजत नव्हता.

सर्व्हर सुरू झाला तसा दुकानात पंख्यांचा घरघराट भरला. मिस्तरीणबाईंनी घरच्यासारखाच वेधशाळेचा प्रोग्रॅम त्यावर चढवला आणि पहिला गठ्ठा दिला. तासाभराने हिशेब केला, तर गठ्ठ्याला सहा तास लागणार होते. तीन दिवसांचे सहा तास, म्हणून सासरे हरखले. मग त्यांनीच बोटांवर मोजलं: चाळीस गठ्ठे म्हणजे दहा दिवस. त्यांचा चेहरा उतरला.

मिस्तरीणबाई गिऱ्हाइकाच्या मशीनचा पट्टा बदलत होत्या, पण एक डोळा स्क्रीनवर होता. यंत्र किती कामात आहे, याचा आकडा कोपऱ्यात दिसत होता. तेरा टक्के. मध्येच बारा, पुन्हा तेरा. त्याच्या वर काही जाईना. पट्टा तसाच सोडून त्या स्टुलावरून उठल्या.

"बाबा, शंभराला आठाने भागा."

"साडेबारा," सासरे म्हणाले. "म्हणजे एकच राबतोय?"

"एकच. सात नुसते बसलेत."

प्रोग्रॅम जुना होता. त्याला एका वेळी एकच प्रोसेसर वापरता यायचा. बाईंच्या अंगात एकदम उत्साह संचारला. एका प्रोग्रॅमला एक प्रोसेसर लागतो, तर तोच प्रोग्रॅम आठ वेळा सुरू करायचा, एवढंच ना? त्यांनी तेच केलं. आकडा टणाटण चढत शंभराला टेकला. दोघं हसत घरी गेले आणि जेवताना सासरे इतकं बोलले, की त्यांचं पान तसंच राहिलं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडून बघतात तो काय, वेधशाळेकडून एकामागून एक नकार आलेले. सगळी उत्तरं चुकीची. आठही प्रोग्रॅम एकाच फोल्डरमध्ये लिहीत होते. एकाने लिहिलेलं दुसरा खोडत होता आणि तिसरा त्यावर आपलं गिरवत होता. आख्खा दिवस पाण्यात गेला. सासरे खुर्चीत बसले आणि म्हणाले, की आता ते पत्र पाठवून टाकावं.

 बाईंनी आठ वेगळे फोल्डर केले, प्रत्येकात प्रोग्रॅमची स्वतंत्र प्रत ठेवली आणि प्रत्येकीला वेगळा क्रमांक दिला, म्हणजे वेधशाळेलाही ते आठ वेगळे कॉम्प्युटर वाटतील. प्रत्येक फोल्डरला त्याचे पाच गठ्ठे. एकेक सुरू करताना त्या थांबून बघत होत्या. पंचवीस टक्के. पन्नास. पंचाहत्तर. आठवा सुरू झाला तेव्हा दहा वाजले होते. पाच फेऱ्या, प्रत्येकी सहा तास. उद्या दुपारी चार.

"दोन तास हातात राहतात," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी पत्र फाडून टाकलं.

दुपारी तीनला घरघराट अचानक थांबला आणि स्क्रीन काळी पडली.  बाईंनी झाकण उघडलं, तर आतून भट्टीसारखी धग आली. चारपैकी एक पंखा जाम झाला होता आणि यंत्र जळू नये म्हणून आपणहून बंद पडलं होतं. आता मात्र त्या आपल्या राज्यात होत्या. पंखा सोडवला, त्यातली जुनाट धूळ ब्रशने काढली, आसावर शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं आणि बोटाने फिरवत राहिल्या. आधी अडखळत, मग मोकळा, मग भिरभिर. तासाभरात सर्व्हर पुन्हा चालू झाला. प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी झालेलं काम जपून ठेवत होता, त्यामुळे आठही जण सोडलं होतं तिथूनच पुढे निघाले. खबरदारी म्हणून त्यांनी झाकण उघडंच ठेवलं आणि टेबलफॅन आणून समोर लावला.

शुक्रवारी सासरे दुकानातून हललेच नाहीत. डोळे अधू, म्हणून सुनेला सारखे आकडे विचारत होते. गिऱ्हाइकंही काय चाललंय ते विचारून रेंगाळायला लागली. एक शिंपीणबाई तर ब्लाउजांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसूनच राहिली.

पावणेपाचला पहिल्या फोल्डरचा शेवटचा गठ्ठा संपला. जुळणी शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे शून्य. ती उत्तरं आपोआप वेधशाळेला जात होती. सहाव्याला मिस्तरीणबाई वाचता वाचता थांबल्या.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, एक वाट जुळलीय. सात वेगवेगळ्या वर्षांचे ठिपके. सातही."

सासरे उठून उभे राहिले. त्यांच्या दोन वर्षांच्या कामात दोनाच्या वर ठिपके कधी जुळले नव्हते. शिंपीणबाईला फारसं कळलं नव्हतं, तरी तिने त्यांचा हात घट्ट धरला. पाच वाजून दहा मिनिटांनी चाळीसावा गठ्ठा रवाना झाला.

एका कॉम्प्युटरच्या उत्तरावर वेधशाळा विसंबत नसे. तोच गठ्ठा दूर कुठल्यातरी अनोळखी घरी पडताळायला गेला आणि रविवारी तिथूनही तेच उत्तर आलं. सोमवारी वेधशाळेवर आकाश ढगाळ होतं. मंगळवारीही. ते दोन दिवस सासऱ्यांनी सगळ्या घराला भंडावून सोडलं. गुरुवारी दुपारी वेधशाळेतल्या बाईंचा फोन आला. बुधवारी आभाळ स्वच्छ होतं, त्यांनी सांगितलं, आणि तो तिथेच होता. सांगितलेल्या जागेपासून केसभर बाजूला.

"केसभर म्हणजे किती?" सासऱ्यांनी विचारलं. वेधशाळेतल्या बाईंनी अंशाच्या भागांत नेमका आकडा दिला. सासऱ्यांनी तो वहीत उतरवून घेतला, पुन्हा वाचून दाखवला आणि बरोबर आहे ना, याची खात्री करून घेतली.

फोन ठेवल्यावर ते सुनेला म्हणाले, "आमच्या खात्यात एवढी अचूक मोजणी मी एकदाही पाहिली नाही गं."