व्हर्नाच्या गाडीला छप्पर

व्हर्ना हॅल्वरसनचं मागणं काही राजवाड्याचं नव्हतं. आपल्या गाडीला आपल्या गॅरेजमध्ये जागा मिळावी, एवढंच. मिनेसोटातला हिवाळा म्हणजे काय चेष्टा आहे? रोज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता तिची बोटं बधिर व्हायची, आणि तिच्या नवऱ्याच्या, लाईलच्या, शिड्या न् करवती मात्र आत मजेत लोळत असायच्या. त्या गॅरेजमध्ये गाडी सोडाच, मांजर शिरलं तरी त्याला मागे वळता आलं नसतं.

"लागतं गं कधीतरी," लाईल म्हणायचा.

"कधीतरी म्हणजे कधी? मला पुरायचा खड्डा खणताना?"

सप्टेंबर उजाडला तशी ती हट्टालाच पेटली. शेवटी लाईल म्हणाला, "बरं बाई, शनिवारी दारात जुन्या सामानाची विक्री लाव. जे जाईल ते जाईल. पण संध्याकाळी जे उरेल ते परत आत येणार, आणि मग ह्या विषयावर तू तोंड उघडायचं नाहीस." व्हर्नाने तिथल्या तिथे हात मिळवला. लाईल गालातल्या गालात हसत होता. त्याची गंजकी करवत घ्यायला कोण येतंय?

पण व्हर्ना काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. चौकाचौकात लाल रंगाच्या पाट्या लागल्या. चर्चच्या तळघरातली घडीची टेबलं आली. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या थबकाव्यात म्हणून चांगल्या चांगल्या वस्तू रस्त्याकडे मांडल्या, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून किंमत लिहिली. कॉफी आणि लिंबाच्या केकच्या वड्या फुकट ठेवल्या, कारण फुकटची वडी खाल्लेला माणूस हात हलवत परत जायला लाजतो. लाईलला तिने घरातच बसवलं. तो बाहेर असता तर एकेका पान्याची जन्मकथा सांगत बसला असता.

शनिवारी पाट्यांची दोरी बांधून होते न होते तोच शेजारचा नॉर्मन टुफ्टे हजर झाला. म्हातारा थेट ॲल्युमिनियमच्या शिडीपाशी गेला आणि तिच्यावरून हात फिरवत उभा राहिला.

"चांगली आहे हं शिडी."

"किंमत जास्त वाटत असेल तर सांग, नॉर्मन."

"छे छे! रास्तच आहे." त्याने मुकाट्याने पैसे मोजले, वर "थँक्यू" म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून निघाला.

मग चर्चमधली आर्डिस आली. कॉफीचं मोठं पातेलं उचलून, पैसे देऊन, नजर चुकवत निघून गेली. मग एक जण आला, ड्रिल घेऊन गेला. कोणी घासाघीस करेना, कोणी वस्तू चालते का ते बघेना. संध्याकाळी गाय जशी आपल्याच गोठ्याकडे वळते, तसा जो तो एका ठरलेल्या वस्तूकडे जायचा. व्हर्नाला वाटलं, काय आपली मांडणी! काय आपल्या हाताला यश! खिडकीतून बघणाऱ्या लाईलचं तोंड मात्र घटकेघटकेला उतरत चाललं होतं.

दुपारपर्यंत गॅरेजची जमीन दिसायला लागली. ती राखाडी आहे हे व्हर्ना विसरूनच गेली होती. तिने पावलं टाकून मापसुद्धा घेतलं. गाडी आरामात बसत होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली जीना पेट्रिलो आली. ही बाई गेल्याच वर्षी न्यू जर्सीहून राहायला आलेली. जीभ म्हणजे नुसती कात्री. वाळकी पानं उडवायचं यंत्र बघितलं मात्र, ती कडाडली, "अहो, हे तर माझं!"

"तुमचं कसं?"

"कसं म्हणजे? तुमचे यजमान मागून घेऊन गेले होते. हे बघा खाली, माझं नाव कोरलंय. तीनदा परत मागायला आले मी. दर वेळी त्यांनी मला कॉफी पाजली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या!" मग तिने शेजारच्या अंगणाकडे बोट दाखवलं. "आणि त्या आजोबांनी आपली शिडी विकत घेतली? तुम्ही लोक डोक्याने बरे आहात ना?"

व्हर्नाच्या पायाखालची जमीन सरकली. ती तडक नॉर्मनकडे गेली.

"ती शिडी तुझी होती?"

नॉर्मन कानापर्यंत लाल झाला. "तशी... होती म्हणायला होती."

"मग पैसे कशाला दिलेस, मेल्या?"

"तू एवढ्या हौसेने टेबल मांडलेलं, व्हर्ना. माझी आहे म्हणालो असतो तर चारचौघांत तुला कसं वाटलं असतं? शिवाय लाईलकडे परत मागण्यापेक्षा विकत घेणं सोपं."

घरी येऊन व्हर्नाने लाईलची अशी खरडपट्टी काढली की कोणाचं काय आणलं ते त्याला भराभर आठवलं. मग पैशांचा डबा त्याच्या हातात देऊन तिने त्याला दारोदार फिरवलं. लोकांनी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा पैसे घेतले. पण घेतल्यावर प्रत्येकाला आपापलं पाप आठवलं. "अरे लाईल, तुझं गवत कापायचं यंत्र माझ्याकडेच राहिलंय की!" नॉर्मनने तर आपलं अर्धं गॅरेज रिकामं केलं. लाईलच्याच वस्तू त्या, कधीकाळी दिलेल्या. दिवस मावळेपर्यंत हॅल्वरसनांचं गॅरेज दारापर्यंत ठासून भरलं.

"मी काही केलेलं नाही हं," लाईल हसू दाबत म्हणाला. "हे तर विक्रीला नव्हतंच."

व्हर्ना पायरीवर बसली आणि तिला रडूच फुटलं. "मला नाही जमायचं आता ते खरवडणं. हात दुखतात रे माझे. रात्रभर ठणकतात. तुझ्या करवती आत, आणि मी बाहेर. तुला कधी दिसलंच नाही ते."

लाईलचं हसू मावळलं. तो तिच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिला. माफी मागायची सवय नव्हती बिचाऱ्याला. तो उठला आणि कुंपण ओलांडून नॉर्मनकडे गेला. थोड्या वेळाने परत आला, तिच्याकडून गाडीची चावी घेतली आणि गाडी नेऊन नॉर्मनच्या मोकळ्या झालेल्या गॅरेजमध्ये लावली.

"झालं," तो शेजारी बसत म्हणाला. "छपराखाली गेली तुझी गाडी."

"किती दिवसांसाठी मागितलंस?"

"दोन."

व्हर्नाने नाक पुसलं आणि ती खुदकन हसली. लाईलचे दोन दिवस म्हणजे निदान तीन हिवाळे तरी निघणार होते.