सिग्रूनबाईंचा संप

नूतन आइसलँडहून होणाऱ्या नवऱ्याला आणि सासूला घेऊन रावेरला आली, तेव्हा तिच्या वडलांनी, जीवरामनानांनी, आधी सासूचं पूर्ण नाव विचारलं. नूतन म्हणाली, सिग्रून योन्सदोत्तिर. मुलाचं विचारलं, तर एनार सिग्रूनारसन.

नाना जरा गोंधळले. "बाप कोन मग याचा?"

"नाना, तिथे आडनावंच नसतात," नूतनने समजावलं. "योनची मुलगी म्हणून योन्सदोत्तिर. आणि एनार आईचं नाव लावतो, सिग्रूनचा मुलगा. त्याचे वडील आणि या फार पूर्वी वेगळे झाले."

"आईचं नाव?" नानांनी बायकोकडे, सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या गालातल्या गालात हसत होत्या.

नाना माणूस वाईट नव्हते. पोरीला त्यांनीच शिकवलं होतं. जमिनीतल्या गरम पाण्यावर वीज कशी करतात ते शिकायला ती त्या उत्तरेकडच्या बेटावर गेली, तेव्हा गावभर पेढेही त्यांनीच वाटले होते. पण जावई आइसलँडचा, हे त्यांना जड गेलं होतं. त्यातून विहीणबाई आल्या दिवसापासून त्यांना सरळ "जीवराम" अशी हाक मारत होत्या. तिकडे राष्ट्राध्यक्षालाही नावानेच हाक मारतात म्हणे. पहिल्यांदा ती हाक ऐकून नानांच्या केळीच्या गाडीवरचा हमाल घड खाली ठेवून बघत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात जमले. दीपनगरहून पुतण्या हितेंद्र आला होता. तो तिथल्या वीजकेंद्रात नोकरीला. चुलीपुढे सुनंदाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या आणि पाटावर नानांची विधवा बहीण लताअक्का लसूण सोलत होती. नाना खोदून खोदून विचारत होते आणि नूतन भाषांतर करत होती. सगळा देश मिळून चार लाखसुद्धा माणसं नाहीत, हे ऐकून ते म्हणाले, "आपलं जळगाव शहर याच्याहून मोठं!" सैन्यच नाही, यावर त्यांचा विश्वास बसेना. हजार वर्षांपूर्वी तिथले लोक उघड्या माळावर खडकांपुढे जमून कायदे करत, हे मात्र त्यांना पटलं. "म्हणजे पारावरची पंचायतच." आणि काचेच्या घरात, जमिनीतल्या उष्णतेवर तिथे केळीही लावतात, हे कळल्यावर ते पुढे सरकून बसले.

मग सिग्रूनबाईंनी आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली. एका ऑक्टोबरात देशातल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी एक दिवस काम करायचं नाही असं ठरवलं. ना नोकरी, ना स्वयंपाक, ना पोरं सांभाळणं. सिग्रून आईचं बोट धरून राजधानीच्या चौकात गेली होती. बाप्यांनी पोरांना कचेरीत नेलं. दुकानांतले सॉसेज संपले, कारण पुरुषांना तेवढंच शिजवता येत होतं. आणि पाच वर्षांनी त्या देशाने एका बाईला राष्ट्राध्यक्ष निवडलं.

"त्यात काय? आमच्या जळगावचीबी बाई राष्ट्रपती झाली," लताअक्का ठसक्यात म्हणाली.

नाना हसले. "बाई राष्ट्रपती होऊ दे ना. पन एक दिवस बायका बसल्या म्हनून काय आभाळ कोसळते? सैपाक म्हंजे काय मोठी गोष्ट हाये?"

सुनंदाबाईंचा हात थांबला. त्यांनी पिठाचा गोळा परातीत ठेवला, हात धुतले आणि शांतपणे म्हणाल्या, "अक्का, उद्या पाल गावाले जाऊ. कित्ती दिस झाले सातपुडा पाह्यला नाही."

"आन सैपाक?" नानांनी विचारलं.

"मोठी गोष्ट थोडीच हाये ती!"

नानांना ती थट्टा वाटली. सकाळी उठून बघतात तो चूल थंडगार. नूतन हितेंद्रच्या गाडीत आईला, अक्काला आणि सिग्रूनबाईंना घालून केव्हाच निघून गेली होती. त्यातून केळी कापायची टोळी बागेत आलेली, त्यांना चहा हवा. म्हशीने नानांचा हात लागताच बादली लाथाडली. हितेंद्रने साखर शोधण्यासाठी सगळे डबे उघडले आणि शेवटी टोळीला गूळ घातलेला काळा चहा पाजला.

"भरीत करू," नाना म्हणाले. खानदेशातल्या पुरुषाला दुसरं काही येवो न येवो, भरीत येतं. त्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, हिरवी वांगी खरपूस भाजली, लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचला. तिथवर झकास जमलं. पण भाकर? पाण्याचा अंदाज चुकला. पहिली हाताला चिकटली, दुसरी तव्यावर जाताना फाटली, तिसरीचा नकाशा झाला.

तेवढ्यात बऱ्हाणपूरहून सुनंदाबाईंचे भाऊ प्रेमराज दारात उभे! नवरदेव पाहायला न सांगता आले होते. भाचीचं लग्न परमुलखात होऊ देणार नाही, असं ते फोनवर महिनाभर सांगत होते. त्यांनी कोपरापर्यंत पीठ लागलेल्या मेहुण्याकडे पाहिलं, झाडू हातात घेतलेल्या हितेंद्रकडे पाहिलं.

"सुनंदा कोठी हाये?"

"संपावर," नाना म्हणाले. "बसा प्रेमराज. कांद्याची पात चिरा."

प्रेमराज चिरायला बसले, पण तोंड चालूच. "ना आडनाव, ना कूळ. पोराले त्याचे पूर्वज तरी माहीत हाये का?"

हितेंद्रने प्रश्न इंग्रजीतून एनारला विचारला. एनार खाली मांडी घालून बसला आणि सांगू लागला. आई सिग्रून, तिचा बाप योन, योनचा बाप ओलाफुर, मासेमारीला जायचा, वादळात बुडाला. त्याचा बाप, त्याचा बाप. असा तो बोटं मोजत नऊ पिढ्या मागे गेला. आमच्याकडे थंडीत करण्यासारखं दुसरं काय असतं, तो म्हणाला. आजी हेच सांगायची.

प्रेमराजांची सुरी थांबली. "माह्या आज्याच्या बापाचं नाव मले येत नाही राजा," ते हळूच म्हणाले.

एनारने मग नानांसमोरची परात ओढली. पिठात थोडं ऊन पाणी घातलं, मळलं, हातांनी गोल थापलं आणि तव्यावर टाकलं. काळे ठिपके येईपर्यंत दोन्हीकडून भाजलं. त्याच्या आजोळी राय नावाच्या धान्याच्या पिठाची अशीच पोळी करत. नानांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. जराशी जाडच होती.

"अरे, ही तं आपली भाकरच हाये!" ते ओरडले, आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली की पिठाचा पंजा उमटला.

दुपार कलायच्या आत बायका परतल्या. सिग्रूनबाईंच्या डोक्याला लताअक्काचा रुमाल, सगळ्यांच्या तोंडावर हसू. पुरुषांनी पानं वाढली. सुनंदाबाई पाटावर बसल्या, गरम भाकरीचा पापुद्रा उचलून वाफ निघताना पाहत राहिल्या.

"काय झालं? करपली का?" नानांनी विचारलं.

"नाही. या घरात तव्यावरची भाकर बसून खाल्ली नव्हती कधी."

हे भांडण नव्हतं, रडणंही नव्हतं. त्यांनी साधं सांगितलं. पण नाना वाढता वाढता उभेच राहिले. तीसेक वर्षं सगळ्यांत आधी जेवायला बसणारा हा माणूस. त्याला एवढं कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी सुनंदाबाईंच्या पानात आणखी एक गरम भाकर वाढली.

"महिन्याले एक दिस सुट्टी घेत जाय."

"दर इतवारी," सुनंदाबाई म्हणाल्या.

"दोन इतवार."

"तीन. आन भांडे तुम्ही घासाचे."

"अवं, केळीच्या व्यापाऱ्यासारखी ताणू नको!"

"सौदा पक्का करून टाका पावनं," प्रेमराज भरिताचं बोट चाटत म्हणाले. "आन लग्नाचाबी करून टाका. पोरगं चांगलं हाये."

नूतनने ते भाषांतर करून सांगायच्या आतच सिग्रूनबाईंनी टाळ्या वाजवल्या. शब्द कळले नसले तरी चेहरे कळले होते. साखरपुडा पुढच्या आठवड्यात जळगावला झाला. तिथे नाना प्रत्येक पाहुण्याला जावयाच्या नऊ पिढ्या सांगत होते. पाचव्या पिढीशी दरवेळी अडखळत, आणि प्रेमराज मागून नाव पुरवत.