काठोकाठ भरलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या पोटात कंडोम असतात. हसलात ना? हसा, मला सवय आहे. पण तुम्ही आता जाणते होत आहात, म्हणून माझी कहाणी शेवटपर्यंत ऐका.

एका वेल्डरने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. वर झाकण आणि खाली हात जाईल एवढी फट. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांजवळच्या दवाखान्यात, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात मला ठोकलं. जागा नर्सताईंनी निवडली होती. त्या म्हणायच्या, "कुणी बघत नाही तिथेच माणूस हात पुढे करतो." सोमवारी त्या मला भरायच्या, गुरुवारपर्यंत मी रिकामी व्हायचे. घरापासून लांब, एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारी तरुण मुलंमुली जाता जाता हात घालायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघून जायची. रिकामं राहण्याची मला मात्र लाज वाटायची. अक्कल कमी, दुसरं काय!

मग नवे साहेब आले. कुणीतरी कंडोमचा फुगा करून बोळात सोडला होता, तो नेमका त्यांच्या पायाशी आला. झालं! "फुकट मिळतंय म्हणून उधळपट्टी चाललीय," साहेब कडाडले. मला भिंतीवरून उखडलं, फटीवर पट्टी मारली, झाकणाला कुलूप घातलं आणि केसपेपर लिहिणाऱ्या काकांच्या टेबलावर बसवलं. ज्याला हवं त्याने मागून घ्यावं, असा हुकूम निघाला. तेव्हापासून मी सदा काठोकाठ भरलेली. तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "वा, पेटी कशी टापटीप ठेवलीय!" आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

काज-बटणाच्या मशीनवर एक वीस वर्षांची मुलगी होती. अंगाने बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिचा एका कारागिरावर जीव जडला होता. तो तिला म्हणायचा, "तू आण, मी कुठे मागत फिरू?" म्हणून ती एकटी आली.

"काय गं, काय हवंय?" काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं. काका तिच्या मावशीच्या शेजारी राहायचे. मागे रांग होती. चिमणीची नजर माझ्यावर होती.

"डोकं दुखतंय काका. केसपेपर काढा."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. ती तीनदा आली आणि तीनदा डोकेदुखीची गोळी घेऊन परत गेली. मला काहीच कळलं नाही. मी माझ्या कौतुकात दंग होते.

पुढे महिनाभर तिचा ताप हटेना. ताईंनी रक्त तपासलं. मधे नुसती फळीची भिंत, सगळं मला ऐकू आलं. एचआयव्ही निघाला.

"औषध आहे, बाळा," ताई म्हणाल्या. "रोज न चुकता घेतलंस तर म्हातारी होशील."

"मी तीनदा आले होते हो, ताई," एवढंच चिमणी बोलली.

ताई नंतर साहेबांशी भांडल्या. साहेब म्हणाले, पेटी परत बोळात लावायचा कागद वर पाठवलाय. तो अजून वरच आहे.

काल चिमणी औषध न्यायला आली, तेव्हा बरोबर तिची धाकटी बहीण होती. एकोणीस वर्षांची, नुकतीच कामाला लागलेली. भरल्या रांगेत चिमणी टेबलापुढे उभी राहिली.

"काका, कुलूप काढा. हिला द्या."

"अगं, हळू बोल की. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. मावशीला सांगायचं तर आजच सांगा. मला मागता आलं नाही, हिच्यासाठी मागतेय."

काकांना किल्ली लवकर लागेना, शेवटी कुलूप निघालं. बहिणीने मान खाली घालून मूठ भरली. चिमणी आपल्या गोळ्यांसाठी पुढे गेली.

मित्रांनो, अशी भरलेली पेटी कुठे दिसली तर तिला शाबासकी देऊ नका. कुणाचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही, ते आधी विचारा. आणि कुणी मागायला आलंच, तर त्याच्याकडे चष्म्यावरून बघू नका. चिमणी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. आणि माझ्याकडे भरपूर होतं.