डेल्फिनाने शिवलेली उशी

अँटिग्वा गावात गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत येशूची मूर्ती भल्यामोठ्या लाकडी चौथऱ्यावर निघते आणि तो चौथरा माणसं खांद्यावर वाहतात. अँसेल्मोचा उजवा खांदा तरुणपणापासून त्याखाली होता. मिरवणुकीच्या झग्याच्या आत खांद्यावर घालायला त्याची बायको डेल्फिना दर वर्षी नवी उशी शिवायची.

यंदा मात्र त्याला त्या हाताने केससुद्धा विंचरता येईनात.

"खांद्याचा स्नायू हाडापासून फाटून सुटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुर्बिणीतून टाके घालून परत बसवू. पण लगेच. उशीर केलात तर तो आक्रसेल आणि टाका धरणार नाही."

"फ्रायडे होऊ दे. नवस आहे."

डेल्फिनाचं हृदय अधू होतं, नवस तिच्याचसाठी होता.

"देवाला खांदा देताय आणि बादली उचलताना कण्हताय!" ती घरी कडाडली. "नको मला तुमचा नवस. आधी ऑपरेशन करून घ्या."

"तू उशी शिव गं. बडबड नंतर कर."

तिने शिवली, जरा जाडच. अँसेल्मो दात आवळून मिरवणूकभर चालला आणि लुळा हात घेऊन घरी आला. त्याला समजावणारी होती, ऐकणारा नव्हता.

मग ऑपरेशन झालं. "अर्धाच शिवता आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या खांद्यावर आता काही वाहायचं नाही. कधीच."

हात अजून झोळीत होता, तेव्हाच एका सकाळी डेल्फिना चुलीपाशी कोसळली. ती पुन्हा उठली नाही.

शवपेटी उचलायची वेळ आली तसा अँसेल्मो पुढे झाला. "मी डावा खांदा देतो," तो म्हणाला. कुणाला नाही म्हणवेना. पण पेटी वर घ्यायला दोन्ही हात लागतात. त्याचा कोपरा खाली गेला, पेटी कलली.

"पप्पा, सोडा!" मुलगा एवेलिओ ओरडला. "आई हलतेय!"

अँसेल्मोने सोडलं. सगळ्यांनी पेटी परत बाकावर टेकवली आणि एक शेजारी त्याच्या जागी उभा राहिला. अँसेल्मो आत गेला, उशी घेऊन आला आणि एका हाताने ती एवेलिओच्या खांद्यावर नीट बसवली.

"असू दे. लाकूड रुततं."

मग तो सगळ्यांच्या मागून चालू लागला. तिच्यासाठी त्याने देवाला वाहिलं होतं, आणि आता तिला वाहायला त्याच्याकडे खांदा नव्हता. त्याच्या पुढे, तिनेच त्याच्यासाठी शिवलेल्या उशीवर टेकून डेल्फिना दुसऱ्याच्या खांद्यावरून चालली होती.